‘सेरेनिटी’ची वीस वर्षं : बंद पडलेली मालिका पडद्यावर आणणारे प्रेक्षक

मृगनक्षत्र – ३० सप्टेंबर, रात्री ९:१०

आज ३० सप्टेंबर. बरोबर वीस वर्षांपूर्वी, २००५ साली, ‘सेरेनिटी’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : ‘फायरफ्लाय’ नावाची अंतराळातली एक मालिका होती, अवघ्या चौदा भागांची. ती बंद पडली आणि तीन वर्षांनी तिचा सिनेमा आला. पडलेल्या मालिकेवर मोठा स्टुडिओ पैसे लावत नाही. इथे लावले, आणि त्यामागे प्रेक्षक होते. त्या प्रेक्षकांत मी एक होतो, म्हणून हा धागा.

मालिका फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ ला सुरू झाली. काळ २५१७ चा. माणसं पृथ्वी सोडून दुसऱ्या सूर्याभोवतीच्या ग्रहांवर वसली आहेत. तिथे एक यादवी होऊन गेली आहे आणि आपला नायक, कॅप्टन माल रेनॉल्ड्स, हरलेल्या बाजूचा शिपाईगडी आहे. ज्या सेरेनिटी खोऱ्यात त्याची माणसं मेली, त्याच खोऱ्याचं नाव त्याने आपल्या जुन्या मालवाहू यानाला दिलंय. यानात नऊ जण. मिळेल ते काम करायचं, इंधनापुरते पैसे सुटले की पुढचा ग्रह गाठायचा. मला या मालिकेत सगळ्यात जवळचं वाटतं ते त्यांचं स्वयंपाकघर. लांबलचक लाकडी टेबल, एकीला दुसरी न जुळणारी खुर्ची, आणि भिंतींवर कुणीतरी हाताने रंगवलेल्या फुलांच्या वेली. अंतराळयानात इतकी राहती जागा मी तोवर पाहिली नव्हती.

वाहिनीने ही नऊ माणसं एकमेकांना कशी भेटतात तो दोन तासांचा पहिला भाग आधी दाखवलाच नाही. सुरुवात आगगाडीवरच्या दरोड्याच्या भागाने केली, तीही शुक्रवारी रात्री, जेव्हा तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. खरा पहिला भाग लागला २० डिसेंबरला. तोपर्यंत मालिका बंद झाल्याचं जाहीरही होऊन गेलं होतं. चौदा भागांपैकी अकराच लोकांनी टीव्हीवर पाहिले.

मी शिकागोला शिकायला गेलो २००३ च्या ऑगस्टमध्ये. त्या डिसेंबरात चौदाही भागांचा, योग्य क्रमाने लावलेला डीव्हीडी संच आला. माझ्या खोलीतल्या कोल्हापूरच्या मित्राने तो जानेवारीत आणला. बाहेर गुडघाभर बर्फ. आम्ही दोघांनी शनिवार-रविवारात संच संपवला, खिचडीवर खिचडी लावत. रविवारी रात्री शेवटचा भाग संपला आणि तो म्हणाला, “पुढचा?” पुढचा नव्हताच. मग आम्ही इंटरनेटवर शोधायला बसलो, तेव्हा कळलं की हाच प्रश्न विचारणारी हजारो माणसं आधीच एकत्र आली आहेत. मालिकेतल्या हरलेल्या सैनिकांच्या तपकिरी कोटावरून ते स्वतःला ब्राउनकोट म्हणवत. मालिका चालू असतानाच त्यांनी पोस्टकार्डं पाठवली होती, वर्गणी काढून ‘व्हरायटी’ या धंद्यातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. त्याने मालिका वाचली नाही. पण संच आल्यावर प्रत्येकाने एक स्वतःला आणि एक वाटायला घेतला. काही महिन्यांत दोन लाखांवर संच विकले गेले. युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमाचा निर्णय घेतला त्यात या खपाचा मोठा वाटा होता.

मे २००५ मध्ये दहा शहरांत अर्धवट तयार सिनेमाचे खास खेळ ठेवले. त्यात शिकागो होतं. तिकिटं हातोहात गेली, आम्हाला दोन मिळाली. रांगेत उकाड्यातही लांब कोट घातलेली माणसं उभी होती. माझ्या पुढच्या बाईंनी घरून बिस्किटं करून आणली होती आणि त्या रांगेभर वाटत होत्या. पडद्यावर काही दृश्यांत यानं अजून पुरी रंगवलेलीसुद्धा नव्हती, पार्श्वसंगीत तात्पुरतं होतं. आणि तरी पहिल्या काही मिनिटांत कॅमेरा मालच्या मागोमाग यानाच्या पोटातून फिरत गेला, त्या स्वयंपाकघरातून गेला, तेव्हा मी शेजारी पाहिलं तर मित्राचे डोळे भरलेले.

सिनेमाचा पुढचा भाग कधी आला नाही. मालिका परत सुरू झाली नाही. म्हणून बरेच जण म्हणतात की एवढी धडपड वाया गेली. मला तसं अजिबात वाटत नाही. आम्हाला निरोप घेता आला. ज्या माणसांचं दार अर्ध्यावर आपटलं होतं, त्यांच्या घरी एकदा जाऊन बसता आलं. मी एवढ्यासाठी पुन्हा दहा संच विकत घेईन.

तुमच्यापैकी कुणी कुठल्या मालिकेसाठी असं काही केलंय का? लिहा.


सांजवेळ – ३० सप्टेंबर, रात्री ९:५२

दादा, वाचता वाचता घशाशी आलं. मी अमेरिकेत नव्हते, नाशिकला कॉलेजात होते, आणि हे सगळं मला २०१० नंतर कळलं. पण माझ्याकडे टोपी आहे!

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : यानातला जेन नावाचा सगळ्यात आडदांड माणूस. एका भागात त्याला टपालाने आईचं पत्र आणि तिने विणलेली टोपी येते. नारिंगी-पिवळी, कानांवर लोंबत्या पट्ट्या, डोक्यावर गोंडा. तो ती तिथल्या तिथे घालतो आणि दिवसभर काढत नाही. कुणी काही म्हटलेलं त्याला चालणार नसतं, कारण आईने पाठवलीय. मी तो भाग थांबवून आईला दाखवला. आईने चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाली, “बाईच्या हाताला सफाई नाही, पण टाके दाट घातलेत. मुलाला थंडी वाजू नये एवढंच तिच्या मनात होतं.” चार दिवसांत तिने टोपी विणून दिली, आणि मुद्दाम दोन टाके वाकडे घातले, तशीच दिसावी म्हणून.

आता यातली खरी गोष्ट. तो टोपीचा भाग फॉक्सने दाखवलेल्या अकरांत नव्हताच. तो फक्त डीव्हीडीवर होता. म्हणजे आज ब्राउनकोटांची जी खूण जगभर ओळखली जाते, ती वाहिनीने दाखवलेलीच नव्हती. ती लोकांनी संच विकत घेऊन शोधली.


प्रश्नचिन्ह – ३० सप्टेंबर, रात्री १०:०५

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. थेट सिनेमा बघितला तर चालेल का?


मृगनक्षत्र – ३० सप्टेंबर, रात्री १०:१८

कळेल सगळं, पण कृपा करून आधी मालिका बघा. चौदा भाग, चार रात्री. सिनेमात एक मृत्यू आहे. मालिका पाहिलेली असेल तर तो तुमच्या घरातला वाटतो. नसेल तर पडद्यावरचा एक माणूस गेला एवढंच होईल. आणि भाग डीव्हीडीच्या क्रमाने बघा, दोन तासांच्या भागापासून.

सांजवेळ, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. दोन टाके मुद्दाम वाकडे, हे मी विसरणार नाही.


दादरकर – १ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मृगनक्षत्र, फार चांगला विषय काढलात. या कथेची सुरुवात मात्र २००२ मध्ये होत नाही, १९६७ मध्ये होते. सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या घरी दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली मालिका लागायची तेव्हा चाळीतली निम्मी मुलं आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत असायची. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं की आम्ही बघतोय ती मालिका कधीच बंद पडलेली आहे आणि आमच्यापर्यंत ती पोचली त्याला लाखाहून जास्त पत्रं कारणीभूत आहेत.

‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या वर्षाच्या मध्याला ती बंद होणार अशी कुणकुण लागली. बीजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम उभी केली. इंटरनेट नाही, फोन महाग. त्यांनी विज्ञानकथांच्या वाचकांच्या पत्त्यांच्या याद्या मिळवल्या आणि सगळ्यांना कळवलं : तुम्ही लिहा, आणखी दहा जणांना लिहायला सांगा, त्या दहांनी आणखी दहांना. छापील मजकुरावर सही ठोकून पाठवू नका. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहा, म्हणजे वाहिनीत पाकीट उघडणाऱ्याला ते वाचावं लागेल. कॅलटेक या संस्थेचे विद्यार्थी बरबँकला एनबीसीच्या दारात मोर्चा घेऊन गेले. निर्माते जीन रॉडनबेरी यांचा या सगळ्याला आतून पाठिंबा होता. एनबीसीच्या स्वतःच्या मोजणीनुसार डिसेंबर ते मार्च या काळात जवळपास १ लाख १६ हजार पत्रं आली. १ मार्च १९६८ च्या रात्री भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरून जाहीर केलं की मालिका चालू राहील.

तिसरं वर्ष मिळालं, पण शुक्रवारी रात्री दहाला आणि कमी पैशांत. १९६९ ला मालिका संपली. तेव्हा कुणीही म्हटलं असतं की पत्रं फुकट गेली.

आता आकडे बघा. पहिल्या वर्षी २९ भाग, दुसऱ्या वर्षी २६, तिसऱ्या वर्षी २४. एकूण ७९. गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना मालिका रोज संध्याकाळी दाखवायला हवी असते. पंचावन्न भाग म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरले तर अकरा आठवडे. एवढ्यावर ती कुणी सहजी घेतली नसती. ७९ म्हणजे जवळजवळ सोळा आठवडे. त्या तिसऱ्या वर्षाने मालिका पुन्हा पुन्हा दाखवण्याजोगी झाली. शाळा सुटून घरी आलेल्या मुलांनी ती सत्तरच्या दशकात रोज पाहिली आणि खरा प्रेक्षक तिथे तयार झाला. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं मोठं संमेलन भरलं. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं, ते लोकांच्या पत्रांमुळे मालिकेतल्या यानाच्या नावावरून ‘एंटरप्राइझ’ झालं. पॅरामाउंट स्टुडिओ आधी नवी मालिकाच काढणार होता, तिची तयारीही झाली होती. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ने थिएटरं भरली आणि मालिकेचा बेत बदलून सिनेमा ठरला. तो ७ डिसेंबर १९७९ ला लागला. मालिका बंद झाल्यावर दहा वर्षांनी.

पत्र लिहिणाऱ्यांना १९६८ मध्ये सिनेमा डोळ्यांपुढे नव्हता. त्यांना फक्त पुढचं वर्ष हवं होतं. तुमच्या दहा संचांसारखंच.


हिशेबनीस – १ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

दादरकर काका, ५५ आणि ७९ चा हिशेब एकदम पटला. असं मांडलेलं मी कुठे वाचलं नव्हतं.

मी सिनेमाच्या वितरणात बावीस वर्षं आहे, मुंबईत. त्यामुळे ‘सेरेनिटी’कडे त्या डोळ्यांनी बघतो. बजेट ३.९ कोटी डॉलर. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत १.०१ कोटी. अमेरिकेतली एकूण कमाई २.५५ कोटी, जगभरची मिळून साधारण चार कोटी. वरवर बघणाऱ्याला वाटेल, खर्च निघाला. पण तिकिटाच्या पैशातला जवळपास निम्मा थिएटरवाल्याचा. स्टुडिओच्या हाती येतो तो शेअर. आणि पब्लिसिटीचा खर्च त्या ३.९ कोटींत नसतो. म्हणजे थिएटरपुरतं बघितलं तर तोटाच. डिस्कचे पैसे नंतर आले ते वेगळे.

आता तिकिटं मोजू. तेव्हा अमेरिकेत तिकीट सरासरी साडेसहा डॉलरच्या आसपास होतं. पहिल्या तीन दिवसांत पंधरा-साडेपंधरा लाख तिकिटं. शेवटपर्यंत चाळीस लाखांच्या आत. दोन लाखांवर घरांत संच होते, प्रत्येक घरातून दोघे-तिघे आले, काही जण दोन-तीनदा आले, असं धरा. मला त्या पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यात हीच माणसं दिसतात. ती आली, मनापासून आली, सगळी पहिल्याच आठवड्यात आली. त्यांच्या शेजारचा माणूस आला नाही. आमच्या धंद्यात याची मोठी धास्ती असते. ज्याला आधीच प्रेम आहे त्याच्यावर पहिला आठवडा निघतो. दुसरा आठवडा अनोळखी माणसाचा असतो.

आणि ते अर्धवट सिनेमाचे खेळ. दहा शहरं, मग वीस, मग पस्तीस. स्टुडिओने विचार केला की हे लोक बोलतील. ते बोललेही. पण एकमेकांशी बोलले. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण सिनेमा मला स्वतःला अतिशय आवडतो.


मृगनक्षत्र – १ ऑक्टोबर, दुपारी १:०२

हिशेबनीस, आकडे मान्य. एक अनुभव सांगतो. ३० सप्टेंबरला सिनेमा लागला तेव्हा मी विद्यापीठातल्या अकरा जणांना तिकिटं काढून नेलं. त्यातले सहा जण ‘फायरफ्लाय’ हे नावही न ऐकलेले. चौघांना सिनेमा आवडला. पण त्यातल्या एकानेही नंतर दुसऱ्या कुणाला नेलं नाही. त्यांना चांगला सिनेमा बघितल्याचं समाधान होतं, तेवढंच. आमच्यासाठी त्या रात्री काय पणाला लागलं होतं हे त्यांना कुठून कळणार? तुम्ही म्हणता तो दुसऱ्या आठवड्याचा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय.

तरी माझं म्हणणं बदलत नाही. स्टुडिओचा तोटा हा स्टुडिओच्या वहीत. आमच्या वहीत एक पूर्ण गोष्ट आहे. २००६ मध्ये त्या सिनेमाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आणि अंतराळवीर स्टीव्हन स्वान्सन २००७ च्या जूनमध्ये अटलांटिस शटलमधून गेले तेव्हा मालिकेच्या आणि सिनेमाच्या डिस्क सोबत नेऊन त्यांनी त्या अंतराळ स्थानकावर ठेवल्या. पृथ्वीवर जागा न मिळालेली मालिका पृथ्वीभोवती फिरतेय, हे मला अजूनही कुणाला तरी सांगावंसं वाटतं.


दगडफूल – १ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

सिडनीहून लिहितोय. ‘फारस्केप’चं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून राहवलं नाही.

ही अंतराळातली मालिका आमच्या सिडनीत तयार व्हायची. १९९९ ते २००३, चार वर्षं, ८८ भाग. जिम हेन्सनच्या कंपनीचे बाहुले त्यात खरीखुरी पात्रं होती, आणि दोन भागांनंतर तुम्ही विसरायचात की हा बाहुला आहे. पाचव्या वर्षाचं ठरलेलं होतं. सप्टेंबर २००२ मध्ये साय-फाय चॅनेलने अचानक अंग काढून घेतलं. शेवटचा भाग संपतो तेव्हा नायक होडीत नायिकेला लग्नाचं विचारतो, ती हो म्हणते, आणि त्याच क्षणी वरून आलेलं एक परकं यान दोघांचा चुरा करून टाकतं. पडद्यावर अक्षरं येतात : क्रमशः. आणि पुढे काहीच नाही!

माझी बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. मालिकेतली नायिकाही. ती दोन दिवस नीट जेवली नाही. आम्ही दोघांनी मिळून पत्रं लिहिली. वाहिनीला, जाहिरातदारांना, हेन्सन कंपनीला. जगभरातून लोक लिहीत होते. ऑक्टोबर २००४ मध्ये दोन रात्रींत मिळून तीन तासांचा शेवट दाखवला गेला, ब्रायन हेन्सन यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात ते दोघं पुन्हा जिवंत होतात, युद्धाच्या मध्यावर बाळ जन्माला येतं. आमची मुलगी तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. आम्ही ते डिस्कवर पाहिलं तेव्हा ती मांडीवर झोपली होती.

हिशेबनीस यांनी म्हटलेला दुसऱ्या आठवड्याचा माणूस इथे लागलाच नाही, कारण हे टीव्हीवर आलं. मला वाटतं ‘फायरफ्लाय’लाही असाच तीन तासांचा शेवट टीव्हीवर मिळाला असता तर हा तोट्याचा शिक्का बसला नसता.


कलिका – १ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

दगडफूल, तुमच्या शेवटच्या वाक्याला +१. आणि त्याचं अलीकडचं उदाहरण आपल्या मुंबईला जोडलेलं आहे.

‘सेन्स८’. वाचोव्स्की बहिणी आणि जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांची मालिका. जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली आठ माणसं, जी एकमेकांच्या मनात आणि शरीरात येऊ-जाऊ शकतात. त्यातली एक मुंबईची, औषधकंपनीत काम करणारी काला दांडेकर. तिचा होणारा नवरा राजन रसाळ. दांडेकर आणि रसाळ! नेटफ्लिक्सवर जगभर एकाच दिवशी लागणाऱ्या विज्ञानकथेत ही आडनावं ऐकून मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं होतं. त्यात मुंबईत खरंच केलेलं चित्रण आहे, गणेशोत्सवाची गर्दी आहे, आणि काला गणपतीशी बोलते ते मन मोकळं करायला. माझी आजी तशी बोलायची. मुंबईतलं मराठी घर आपसात इंग्रजी बोलतं हे खटकलं, ते खटकणारच. पण मुलगी लग्नाला होकार देताना आतून कशी घाबरली आहे, हे फार खरं होतं.

दुसरा भागसंच ५ मे २०१७ ला आला, १ जूनला बंद झाल्याची घोषणा. गोष्ट ऐन मध्यावर, एक जण शत्रूच्या ताब्यात. ऑनलाइन निवेदनावर लाखो सह्या पडल्या. मीही केली. माझ्या ऑफिसमध्ये चौघींनी केल्या. ब्राझील, भारत, जर्मनी, मेक्सिको, सगळीकडून लोक लिहीत होते. ज्या मालिकेचा विषयच दूरदूरच्या माणसांना एकमेकांचं दुखणं जाणवणं हा, तिच्यासाठी हे असं घडणं मला फार मोठं वाटलं. २९ जूनला लाना वाचोव्स्की यांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की मालिका बंद झाल्यावर त्या खचल्या होत्या आणि लोकांच्या पत्रांनी त्यांना उभं केलं. ८ जून २०१८ ला अडीच तासांचा शेवट आला.

तो घाईचा आहे, मान्य करते. पूर्ण वर्षाचा ऐवज अडीच तासांत कोंबलाय, पुष्कळसं पॅरिस आणि नेपल्समध्ये, मुंबई त्यात जवळपास नाहीच. पण शेवटी सगळी माणसं एका लग्नाला जमतात, आयफेल टॉवरवर, आणि जिला मालिकेत घरच्यांनी नाकारलं त्या मुलीची आईसुद्धा तिथे असते. मी तेव्हा लोकलमध्ये, ठाणे ते भायखळा, मोबाइलवर बघत होते. भायखळ्याला उतरायचं राहिलं.


दादरकर – १ ऑक्टोबर, रात्री ८:००

कलिका, सही एका क्लिकवर होते म्हणून मी तिला कमी लेखत होतो. तुमचा प्रतिसाद वाचून मत बदललं. फरक एवढाच की १९६८ मध्ये पाकिटांच्या पोत्यांनी जागा अडवली होती आणि ती कुणाला तरी उचलावी लागली. सहीला वजन नसतं. तुमच्या वेळी वजन आलं ते लाना वाचोव्स्की यांनी लोकांचं लिहिलेलं वाचलं म्हणून.


कंदील – १ ऑक्टोबर, रात्री ९:३३

एक बाजू राहिली, ती लिहिते. ‘सेरेनिटी’च्या वेळी युनिव्हर्सलने लोकांना जाहिरातीच्या कामाला लावलं. पोस्टरं लावा, मित्रांना आणा, तुमची संकेतस्थळं चालवा. लोकांनी आनंदाने केलं. आणि सिनेमा उतरल्यावर, २००६ मध्ये, स्वतःची चित्रं छापून टी-शर्ट विकणाऱ्या चाहत्यांना स्टुडिओच्या वकिलांची पत्रं गेली, परवान्याचे पैसे भरा म्हणून. तेव्हा ब्राउनकोटांनी आपण जाहिरातीसाठी दिलेले तास एकत्र मांडले. ते भरले २८ हजारांहून जास्त. त्याचं रीतसर बिल तयार केलं, वीस लाख डॉलरांच्या वर. पुढे २०१३ मध्ये टोपीचंही तेच झालं. परवाना दिलेली कारखान्यातली टोपी बाजारात आली आणि घरी विणून विकणाऱ्या बायकांना फॉक्सकडून नोटिसा गेल्या. सांजवेळ, तुझ्या आईसारख्याच त्या बायका.

दुसरं, ‘फायरफ्लाय’ आणि ‘सेरेनिटी’चे कर्ते जॉस व्हीडन यांच्याबद्दल. २०२१ मध्ये त्यांच्या आधीच्या एका मालिकेतल्या अभिनेत्रींनी सेटवरच्या वागणुकीबद्दल जाहीर लिहिलं. मी ते सगळं वाचलं आणि वर्षभर ‘फायरफ्लाय’ लावू शकले नाही. ज्या माणसाच्या गोष्टीसाठी आपण रांगा लावल्या, त्याच्याबद्दल हे वाचणं सोपं नव्हतं. मी कुणाला मालिका बघू नका म्हणत नाही. मी स्वतः परत बघायला लागले आहे. पण चाहत्याने आपलं प्रेम नेमकं कुणाला देतोय ते बघावं, असं मला तेव्हापासून वाटतं.


मृगनक्षत्र – १ ऑक्टोबर, रात्री १०:२०

कंदीलताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी पहिल्या लेखात व्हीडन यांचं नाव घेतलं नाही ते याचमुळे, पण टाळण्यापेक्षा बोलणं चांगलं. मी २०२१ मध्ये बराच विचार केला. त्या यानावरच्या भिंतीवरची फुलं कुणीतरी रंगवली, ते टेबल कुणीतरी शोधून आणलं, नऊ नटांनी एकमेकांना जपलं. माझं प्रेम त्यांना. आणि रांगेत बिस्किटं वाटणाऱ्या त्या बाईंना.

नोटिसांचं मात्र मला आजही लागतं. ज्यांनी तुमचा सिनेमा डोक्यावर घेतला त्यांच्याकडून टी-शर्टाचे पैसे मागायचे?


सांजवेळ – १ ऑक्टोबर, रात्री १०:४४

कंदीलताई, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “लोकर बाजारची, हात आमचे, यात त्यांचं काय?”

पण याच लोकांनी दुसरंही एक केलंय, ते सांगते. २००६ पासून दरवर्षी ब्राउनकोट वेगवेगळ्या शहरांत ‘सेरेनिटी’चे खेळ लावतात आणि तिकिटाचे पैसे बायका-मुलींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘इक्वालिटी नाऊ’ या संस्थेला देतात. पोर्टलंडमधल्या एका चाहत्यापासून सुरुवात झाली. आजवरची रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढे आहे. टोपीचा वाद झाला तेव्हा ती कारखान्यातली टोपी विकणाऱ्या दुकानाने आपला नफा याच खेळांना द्यायचं जाहीर केलं, तेही चाहत्यांच्या रेट्यामुळेच. हिशेबनीस दादा, हा शेअर कुठल्या वहीत लिहायचा?


हिशेबनीस – २ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

सांजवेळ, अशी वही आमच्याकडे नाही. मी बावीस वर्षांत शेकडो सिनेमे लावले आणि उतरवले. वीस वर्षांनी स्वखर्चाने थिएटर घेऊन लावावा असा त्यातला एकही नाही. आज सुट्टी आहे, बायको-मुलांना बसवून पहिला भाग लावतोय. तो दोन तासांचा.


प्रश्नचिन्ह – ४ ऑक्टोबर, रात्री ११:५०

चौदाही भाग झाले. आताच सिनेमा संपला. तो मृत्यू... मृगनक्षत्र, तुम्ही सांगितलं होतंत तरी मी तयार नव्हतो. आधी मालिका बघायला लावलीत त्याबद्दल आभार.


मृगनक्षत्र – ५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

कुणीच तयार नसतं. त्या मे महिन्यात शिकागोच्या थिएटरात तो क्षण आला तेव्हा भरलेल्या हॉलमध्ये श्वास घेतल्याचा आवाज येत नव्हता.

माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. कालपासून तिच्यासोबत पहिल्यापासून सुरू केलंय, त्याच कोल्हापूरच्या मित्राच्या संचावर. त्याने मी परत यायला निघालो तेव्हा विमानतळावर तो माझ्या हातात दिला होता. काल दोन तासांचा भाग संपला आणि ती म्हणाली, “पुढचा?” मी म्हटलं, आहे.


सांजवेळ – ५ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

दादा, टोपीच्या भागापर्यंत पोचायला किती दिवस लागतील? आईने नारिंगी लोकर काढून ठेवलीय. लेकीच्या डोक्याचा घेर मोजून कळवा, आणि पत्ता मला खाजगीत पाठवा.